प्रकल्प नोंदी: बॅजरचे मृत्यू, त्यांचे परजीवी आणि पुण्यासाठीचे शवविच्छेदन नोंदपत्रक

२ जून

पुण्याच्या परिसरात रस्त्यांवर, टेकड्यांवर आणि शेतांच्या बांधांवर मुंगसे, उदमांजरे, जवादी मांजरे, खोकड आणि कोल्हे मेलेले सापडतात. त्यांची नोंद बहुधा ‘वाहनाच्या धडकेने मृत’ एवढ्या एका ओळीत संपते आणि पंचनामा झाल्यावर शव पुरले किंवा जाळले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मेलेला वन्यप्राणीही सरकारची मालमत्ता असतो, त्यामुळे वन विभागाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही आणि ते योग्यच आहे. परवानगी मिळालेल्या शवांचे विच्छेदन करताना पशुवैद्यकाला वापरता येईल असे सविस्तर मराठी नोंदपत्रक तयार करणे, हे या प्रकल्पाचे काम ठरले आहे.

आधार म्हणून युरोपीय बॅजरवरचा अभ्यास घेतला आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा, साधारण ८ ते १२ किलो वजनाचा, बिळांच्या जुन्या वसाहतीत कुटुंबाने राहणारा आणि ब्रिटनमध्ये मुख्यतः गांडुळांवर जगणारा हा निशाचर प्राणी आपल्याकडे नाही. आपले चांदी अस्वल, म्हणजे हनी बॅजर, त्याच कुळातले असले तरी त्यांचे नाते लांबचे आहे. तरीही बॅजरच निवडला, कारण या आकाराच्या दुसऱ्या कोणत्याही मांसाहारी वन्यप्राण्याची एवढी शवे इतक्या पद्धतशीरपणे क्वचितच उघडली गेली असतील.

४ जून

बॅजरच्या शवांचा एवढा साठा कसा जमला हे आधी लिहून ठेवतो, कारण शवे कोणत्या हेतूने गोळा झाली यावरच त्यांच्यातून काय कळणार हे बरेचसे ठरते. गुरांना क्षयरोग करणारा मायकोबॅक्टेरियम बोविस हा जिवाणू बॅजरमध्ये १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये आढळला होता. ब्रिटनमध्ये तो १९७१ साली ग्लॉस्टरशायर परगण्यात मेलेल्या एका बॅजरमध्ये सापडला आणि तेव्हापासून हा प्राणी शेतीच्या राजकारणात ओढला गेला. त्याच परगण्यातील वुडचेस्टर पार्क येथे १९७० च्या दशकापासून, तर ऑक्सफर्डजवळच्या वायटम वुड्स येथे १९८७ पासून बॅजर पकडून, तपासून आणि पुन्हा सोडून त्यांचे आयुष्यभर निरीक्षण केले जात आहे. बॅजर मारल्याने गुरांमधला क्षयरोग कमी होतो का, हे पाहण्यासाठी १९९८ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत सुमारे ११,००० बॅजर मारले गेले. तिच्या २००७ च्या अंतिम अहवालाने असा निष्कर्ष काढला की बॅजर मारल्याने गुरांमधील क्षयरोगाच्या नियंत्रणाला अर्थपूर्ण हातभार लागणार नाही, कारण वाचलेले बॅजर आपली हद्द सोडून दूरवर फिरू लागतात आणि मारणीच्या क्षेत्राबाहेर रोग वाढतो.

तो वाद आजही संपलेला नाही आणि त्याचा निवाडा करणे हे आमचे काम नाही. पण इतके प्राणी मारून जी माहिती मिळाली ती निदान नीट वापरली जावी, असे मला मनापासून वाटते. त्या माहितीतली आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ठरावीक लसीकाग्रंथी आणि दिसणाऱ्या गाठी तपासणाऱ्या नेहमीच्या विच्छेदनात जेवढे संसर्गित बॅजर सापडले, त्याच्या जवळजवळ दुप्पट, अधिक ऊती घेऊन आणि संवर्धनाला (प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून पाहण्याला) जास्त काळ देऊन केलेल्या बारकाईच्या तपासणीत सापडले. अनेक संसर्गित बॅजरच्या शरीरात डोळ्यांना दिसेल अशी एकही गाठ नव्हती. म्हणजे ‘विच्छेदनात काही आढळले नाही’ हे वाक्य, काय काय पाहिले हे सोबत लिहिल्याशिवाय, जवळजवळ निरर्थक असते. नोंदपत्रकात प्रत्येक अवयवापुढे ‘पाहिला’, ‘पाहिला नाही’ आणि ‘पाहण्याच्या स्थितीत नव्हता’ असे तीन पर्याय असावेत, हा पहिला निर्णय यातून झाला.

९ जून

आज मृत्यूच्या कारणांचे वाचन केले. ब्रिटनमध्ये बॅजरच्या ज्ञात मृत्यूंमध्ये वाहनांची धडक हे सर्वांत मोठे कारण मानले जाते आणि तेथे दरवर्षी सुमारे ५०,००० बॅजर रस्त्यांवर मरतात असा ढोबळ अंदाज वारंवार दिला जातो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ४,८५,००० बॅजर होते, हे लक्षात घेतले की रस्त्यांच्या वाट्याला केवढा मोठा हिस्सा जातो याची कल्पना येते. हे मृत्यू वर्षभर सारखे विभागलेले नसतात. हिवाळा सरताना नर-मादींची हालचाल आणि हद्दींवरचे तंटे वाढतात तेव्हा त्यांचा मोठा चढ येतो आणि उन्हाळ्यात पुन्हा एक लहान चढ दिसतो.

‘ज्ञात मृत्यू’ या शब्दांतच खरी अडचण आहे. रस्त्यावर मेलेला बॅजर सर्वांना दिसतो, तर बिळात मेलेला बॅजर कोणालाच दिसत नाही. पिल्ले साधारण फेब्रुवारीत जमिनीखाली जन्मतात आणि सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर बाहेर येऊ लागतात. त्याआधी मेलेली पिल्ले कोणत्याही शवसंग्रहात येत नाहीत. आयुष्याच्या पहिल्या वर्षात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पिल्ले मरतात, हे शवांवरून कळलेले नाही, तर खुणा केलेले प्राणी पुन्हा पकडण्यावरून कळले आहे. उपासमार, क्षयरोग, पिल्लांमधील जंत आणि म्हातारपणी झिजलेले दात या कारणांनी होणारे मृत्यू बहुतांशी जमिनीखाली होत असल्यामुळे रस्त्यावरच्या शवांची आकडेवारी त्यांना नेहमीच कमी लेखते.

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी यावर आग्रहाने सांगितले की पुण्याच्या नोंदपत्रकात शव कोणी, कशामुळे आणि कोणत्या वाटेने जात असताना पाहिले, हेही नोंदवले पाहिजे. पौड रस्त्यावरून रोज जाणारा माणूस पौड रस्त्यावरचीच शवे कळवणार आणि वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्यांना कुत्र्यांनी मारलेले मुंगूस दिसणार. दोन्ही नोंदी खऱ्या असतील, पण त्या एकत्र करून टक्केवारी काढली तर तिला काही अर्थ राहणार नाही. मला हे म्हणणे पूर्ण पटले.

१३ जून

बाह्य परजीवींची टिपणे पूर्ण केली. पॅरासेरस मेलिस ही बॅजरची स्वतःची पिसू आहे आणि ट्रायकोडेक्टीस मेलिस ही त्याची स्वतःची ऊ. गोचिडांमध्ये इक्सोडीस हेक्सागोनस आणि इक्सोडीस कॅनिसुगा या बिळांत राहणाऱ्या जाती प्रामुख्याने आढळतात, तर गवतातून चढणारी इक्सोडीस रिसिनस त्याखेरीज असते. पॅरासेरस या पिसवेमार्फत ट्रिपॅनोसोमा पेस्टानाय हा रक्तातला एकपेशीय जीव एका बॅजरकडून दुसऱ्याकडे जातो. तो बाळगणारे बॅजर सहसा आजारी दिसत नाहीत.

बॅजर या सोबत्यांशी कसे जुळवून घेतात हा भाग मला विशेष मोलाचा वाटला. एका वसाहतीत झोपण्याच्या अनेक खोल्या असतात आणि बॅजर त्या आलटूनपालटून वापरतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही बॅजरांवरचे परजीवी औषधाने काढल्यावर त्यांचे खोल्या बदलणे कमी झाले, म्हणजे रिकाम्या ठेवलेल्या खोलीत पिसवांची संख्या घटू देणे हा त्या फिरतीचा एक उपयोग असावा. अंथरुणाचे गवत ते वेळोवेळी बदलतात आणि एकमेकांचे अंग साफही करतात. शरीरावर परजीवी असणे ही त्यांच्यासाठी नित्याची स्थिती आहे आणि तिच्यावर त्यांचा रोजचा वेळ खर्च होतो; एखाद्या शवावर पिसवा सापडल्या म्हणून ते जनावर रोगी होते असे म्हणता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शरीर थंड होऊ लागले की पिसवा ते सोडून जातात. उवा मात्र यजमानाच्या केसांतच राहून मरतात आणि घट्ट रुतलेल्या गोचिडी बराच वेळ जागच्या जागी असतात. सकाळी सापडलेल्या शवावर पिसवा नाहीत एवढ्यावरून त्या कधीच नव्हत्या असे ठरत नाही. शव शक्य तितक्या लवकर बंद पिशवीत घालावे आणि नंतर त्या पिशवीचा तळही झटकून तपासावा, अशी सूचना वनरक्षकांसाठीच्या पानावर ठळक अक्षरांत टाकायची आहे.

१७ जून

साहित्याची यादी केली. जंत आणि गोचिडी ७० टक्के अल्कोहोलमध्ये, ऊतींचे छोटे तुकडे त्यांच्या दसपट १० टक्के फॉर्मालिनमध्ये, विषतपासणीसाठी यकृत आणि जठरातील अन्न गोठवून. संपूर्ण शव गोठवले तर पेशींची रचना बिघडते, म्हणून फॉर्मालिनचे तुकडे आधी घ्यायचे.

२२ जून

पालखीमुळे दिवे घाटाकडची वाहतूक वळवली आहे, त्यामुळे सासवड भागात ठरलेली भेट पुढे ढकलली आणि दिवस पिल्लांमधील कॉक्सिडियाच्या वाचनाला मिळाला.

कॉक्सिडिया हे आतड्यांच्या पेशींत वाढणारे एकपेशीय परजीवी असतात. बॅजरमध्ये आयमेरिया मेलिस आणि आयसोस्पोरा मेलिस या त्यांच्या दोन जाती ठाऊक आहेत. वायटम वुड्समध्ये असे दिसले की आयमेरियाचा संसर्ग मुख्यतः पिल्लांनाच होतो, जवळजवळ सर्व पिल्लांना होतो आणि ज्यांच्यावर त्याचा भार जास्त ती पिल्ले आकाराने खुरटी राहतात व कमी जगतात. जी मोठी होतात त्यांच्यात पुढे प्रतिकारशक्ती येते. कोरडा वसंत किंवा कोरडा उन्हाळा आला की जमीन टणक होते, गांडुळे खोल जातात, नुकत्याच दूध सोडलेल्या पिल्लांना पोटभर मिळत नाही, आणि एरवी सोसला गेला असता तोच परजीवी जिवावर बेततो.

अशा पिल्लाच्या मृत्यूचे कारण काय लिहायचे? परजीवी लिहिला तर पाऊस न पडल्याची नोंद गळते आणि उपासमार लिहिली तर आतड्याची नासाडी गळते. नोंदपत्रकाचा सांगाडा येथेच स्पष्ट झाला. ज्याने अखेरीस जीव गेला ते, ज्याने जनावर त्या टोकाला आले ते, आणि जे केवळ सोबत होते ते, अशा तीन वेगळ्या नोंदी हव्यात आणि प्रत्येकीपुढे तसे म्हणण्याचा पुरावा काय हेही लिहिलेले हवे.

२८ जून

वन विभागाच्या परवानगीने आलेल्या एका उदमांजराचे विच्छेदन आज केले आणि नोंदपत्रकाचा कच्चा मसुदा प्रथमच शेजारी ठेवून भरला. पौड रस्त्याच्या कडेला सकाळी सापडलेला हा पूर्ण वाढलेला नर होता. अंगावरचे केस दाट आणि स्वच्छ होते, कोठेही जखम दिसत नव्हती, फक्त नाकपुडीशी थोडे वाळलेले रक्त होते. शव घेऊन आलेल्या वनरक्षकांना विषाचा दाट संशय होता. “मॅडम, अंगावर ओरखडासुद्धा नाही बघा. कुणीतरी नक्की काहीतरी घातलंय याला,” असे ते आमच्या सहकारी डॉक्टरांना म्हणाले.

पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक दातांच्या फणीने शरीर विंचरले. पडलेली काळी कणी ओल्या टिपकागदावर ठेवताच तिच्याभोवती तांबूस डाग पसरला, म्हणजे ती पिसवांची विष्ठा होती, जरी पिसू एकही मिळाली नाही. कानाच्या घडीत आणि पायाच्या बोटांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढ्या फुगलेल्या गोचिडी होत्या. त्यांना मुरगळून न काढता तोंडाच्या भागासकट चिमट्याने सरळ ओढून काढले.

नंतर कातडी सोडवली आणि ती आतून पाहिली. केसांच्या बाजूने निष्कलंक दिसणाऱ्या डाव्या कुशीत, कातडीच्या आतल्या अंगाला, काळपट तांबड्या रक्ताचा जाड थर साकळलेला होता. इतके रक्त ऊतींत मुरायचे तर मार बसताना हृदय चालू असावे लागते. मेल्यानंतर वाहन अंगावरून गेल्यास हाडे मोडतात, पण असा रक्तस्राव होत नाही. त्याच बाजूच्या बरगड्या मोडल्या होत्या, यकृत फाटले होते, पोटात रक्ताच्या गुठळ्या होत्या आणि छाती आणि पोट यांमधला पडदा, म्हणजे श्वासपटल, फाटून आतड्याचे एक वेटोळे छातीत शिरले होते. जठर जांभळाच्या बियांनी आणि गराने भरलेले होते. मूत्रपिंडाभोवती पांढऱ्या चरबीचा चांगला जाड थर होता.

लहान आतडे उघडल्यावर गोलकृमींचा पुंजका निघाला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या वनरक्षकांचे मत बदलले. एवढे जंत असलेले जनावर आधीच खंगलेले असणार आणि म्हणूनच त्याला गाडीसमोरून पळता आले नसणार, असे त्यांना वाटले. अंदाज तर्काला धरून होता. पण मूत्रपिंडाभोवतीची चरबी आणि भरलेले पोट त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते. हा नर आदल्या रात्रीपर्यंत भरपेट खात होता आणि जंत बाळगूनही अंगाने उत्तम होता. त्याचा मृत्यू धडकेने झाला आणि जंत, गोचिडी व पिसवा ‘सोबत होते’ या रकान्यात गेले. परजीवींची संख्या आणि शरीरावरची चरबी या दोन नोंदी एकमेकींशिवाय वाचू नयेत, असे पत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहायचे ठरवले.

विषाचा संशय केवळ या निष्कर्षावर सोडून दिला नाही. उंदीर मारण्याची काही औषधे रक्त गोठू देत नाहीत, त्यामुळे ती पोटात गेलेल्या प्राण्याला किरकोळ मारानेही मोठा अंतर्गत रक्तस्राव होऊ शकतो. पोटात गुठळ्या नीट बनल्या होत्या हे त्या शक्यतेच्या विरुद्ध आहे, तरी यकृताचा एक तुकडा आणि जठरातील अन्न गोठवून ठेवले आहे.

५ जुलै

बॅजरच्या अंतर्गत कृमींची टिपणे लवकर आटोपली, कारण यादी लांब असली तरी मृत्यूशी तिचा संबंध थोडा आहे. आतड्यात अंकुशकृमी आणि पट्टकृमी, फुफ्फुसात फुफ्फुसकृमी असा साधारण संसार असतो आणि प्रौढ बॅजर तो बहुधा सोसून असतात. फुफ्फुसातील कृमींमुळे होणाऱ्या लहान गाठी क्षयरोगाच्या गाठींसारख्या भासू शकतात, म्हणून नुसत्या नजरेने निदान करणे टाळावे, एवढे मात्र ठळकपणे नोंदवले.

एका कृमीसाठी थांबलो. ट्रायकिनेलाच्या अळ्या स्नायूंमध्ये वेटोळे करून बसतात. बॅजरला त्यांचा उपद्रव जाणवत नाही, पण ते मांस कच्चे किंवा अर्धेकच्चे खाणाऱ्या माणसाला गंभीर आजार होतो. १९९७ साली दक्षिण कोरियात बॅजरचे कच्चे मांस खाल्ल्याने माणसांना हा रोग झाल्याची नोंद आहे आणि रशियातही बॅजरच्या मांसातून रोगाचे उद्रेक झालेले आहेत. श्वासपटलाचा तुकडा नमुन्यांत घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.

११ जुलै

आज डिस्टेंपरवर चर्चा झाली. कुत्र्यांमधील हा विषाणुजन्य रोग २००९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये खोकडांत, बॅजरांत आणि बॅजरच्याच कुळातल्या मार्टेन या प्राण्यांत पसरला होता. आजारी बॅजर दिवसाढवळ्या रस्त्यांवर भरकटत येतात आणि अशा बॅजराला वाहनाने मारले तर बाहेरून तो निव्वळ अपघात दिसतो.

परजीवी आणि विषाणू एकत्र आले की काय होते याचा मोठा दाखला आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतला आहे. १९९४ साली तेथील सुमारे एकतृतीयांश सिंह डिस्टेंपरच्या साथीत मेले, जरी त्याच विषाणूच्या इतर साथी तेथे कोणाचा जीव न घेता येऊन गेल्या होत्या. त्या वर्षी फरक असा होता की दुष्काळाने खंगलेल्या रानम्हशींवर गोचिडी फार वाढल्या, त्या म्हशी खाणाऱ्या सिंहांना गोचिडींतून येणारा बॅबेसिया हा रक्तपरजीवी मोठ्या प्रमाणावर मिळाला आणि विषाणूने प्रतिकारशक्ती दडपल्यावर त्याला मोकळे रान सापडले. आपल्याकडे २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हाही डिस्टेंपर आणि बॅबेसिया ही दोन्ही नावे पुढे आली होती.

पुण्याच्या कडेच्या गावांत, कचऱ्याच्या ढिगांपाशी, मोकाट कुत्री, कोल्हे आणि मुंगसे एकाच जागी खातात. म्हणून धडकेने मेलेल्या प्रत्येक मांसाहारी प्राण्याच्या फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा आणि मेंदूचा तुकडा घेतला जावा, मग धडक कितीही उघड असो. मेंदू काढण्याचे काम मात्र प्रशिक्षित आणि रेबीजची प्रतिबंधक लस घेतलेल्या व्यक्तीनेच करायचे आहे. या अटीत कोणतीही सवलत ठेवलेली नाही.

१९ जुलै

चाव्यांच्या जखमांवरून मसुद्यात बदल केला. बॅजर आपसांत भांडतात तेव्हा जखमा प्रामुख्याने पार्श्वभागावर आणि मानेवर होतात, त्यांत माश्यांच्या अळ्या पडतात, पू होतो, आणि क्षयरोगाचा जिवाणू चाव्यातून शिरला तर रोग वेगाने पसरतो. जखमेची जागा, खोली आणि दोन सुळ्यांमधले अंतर एवढे मोजले तर स्वजातीयाचा चावा आणि कुत्र्याचा चावा यांत पुष्कळदा फरक करता येतो. टेकड्यांवर मेलेल्या मुंगसांसाठी हीच मापे लागतील. मराठी पत्रकात शरीराची दोन्ही बाजूंची रेखाकृती छापून तिच्यावरच खुणा करायची सोय केली आहे, कारण ‘मागे जखम’ अशा नोंदीचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही.

२६ जुलै

अंतिम मसुदा वन विभागाकडे अभिप्रायासाठी दिला. गोचिडींची जात ओळखण्यासाठी आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राला विनंतीपत्र लिहायचे ठरले. मृत्यूच्या कारणाचा रकाना ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘ठरवता आले नाही’ असा ठेवला आहे. तिसरा पर्याय निवडणाऱ्याकडून स्पष्टीकरण मागावे अशी एक सूचना आली होती. ती आम्ही स्वीकारली नाही, कारण तसे केल्यास घाईत असलेला माणूस स्पष्टीकरण टाळण्यासाठी ‘वाहनाची धडक’ लिहून मोकळा होईल आणि आम्ही जेथून निघालो त्याच एका ओळीवर नोंदी परत येतील. पावसात शवे लवकर कुजत असल्यामुळे सप्टेंबरअखेरपर्यंत पहिल्या फेरीत फक्त बारा तासांच्या आत मिळालेली शवे घ्यायची आहेत. उदमांजराच्या यकृताचा विषतपासणी अहवाल अजून यायचा आहे. तो आल्यावर २८ जूनच्या नोंदीतील मृत्यूचे कारण ‘संभाव्य’ वरून ‘निश्चित’ करायचे किंवा बदलायचे.